मागचे पाय गेलेला कुत्रा सारखा ओला राहतो? गळती कुठून आहे ते असं शोधा

दत्तक दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो, आणि पलीकडून काय ऐकू येणार हे मला उचलण्याआधीच माहीत असतं. "ताई, हा सारखी लघवी करतोय हो. तुमच्याकडे तर कोरडा राहायचा म्हणालात ना?" दिवसाला आठ-दहा डायपर, धुवून न वाळलेल्या चादरी, घरात वास, आणि मधोमध एक कुत्रा, ज्याला आपलं काय चुकलं हेच कळत नाहीये.

पाठीच्या कण्याला मार बसून मागचे पाय लुळे पडलेली कुत्री मी फॉस्टर करते, म्हणजे दत्तक जाईपर्यंत घरी सांभाळते. अशा कुत्र्याला व्हीलचेअर लागते, जखमा सांभाळाव्या लागतात, उचलून न्यावं-आणावं लागतं. हे सगळं लोक आनंदाने करतात. कुत्रा परत येण्याची वेळ येते ती लघवीपायी. हाच बिघाड मी इतक्या वेळा पाहिलाय आणि इतक्या वेळा सोडवलाय, की आता प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवते.

एक अट आधीच. हे सगळं जुन्या, डॉक्टरांनी तपासलेल्या लकव्याबद्दल आहे. काल चालणारा कुत्रा आज मागचे पाय ओढत असेल, तर पुढचं वाचू नका, गाडी काढा. ताज्या इजेत प्रत्येक तास मोलाचा असतो. आणि नुकतंच उचलून आणलेलं, लसीचा पत्ता नसलेलं कुत्रं असेल, लकवा रोज पुढे सरकत असेल, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, तर त्याला हातच लावू नका. रेबीजची शंका घ्यायची, कुत्र्याला वेगळं ठेवायचं आणि डॉक्टरांना आधी फोनवर कल्पना द्यायची. चावा, ओरखडा किंवा लाळेशी संबंध आला असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून स्वतःसाठीही दवाखाना गाठायचा.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर हे लिखाण तुमच्यासाठी आहे:

- डायपर बदलला की अर्ध्या तासात पुन्हा ओला, पण प्रत्येक वेळी थोडाच.
- उचलून घेतलं, भुंकला किंवा कूस बदलली की पिचकारी उडते.
- बसल्या जागी ओला डाग राहतो, विशेषतः झोपून उठल्यावर.
- मांड्यांच्या आतली कातडी लाल, चिकट, केस गळालेले.
- वास बदललाय, आधीपेक्षा उग्र झालाय.
- पोटाचा मागचा भाग तटतटलेला लागतो.
- आणि सगळ्यात फसवं लक्षण: "आता तो स्वतःची स्वतः करतो, दाबावं लागत नाही." (अशा कुत्र्याची लघवी पोटावर हाताने दाबून काढावी लागते.)

या शेवटच्या वाक्यावर मी एकदा स्वतः फसले आहे. एक काळा, दहा-बारा किलोचा कुत्रा माझ्याकडे होता. उचलला की धार सोडायचा. मी खूश. दत्तक देताना कागदावर चक्क लिहिलं, 'लघवी स्वतः करतो'. तीन आठवड्यांत तो रक्ताळलेली लघवी घेऊन परत. डॉक्टरांनी धार थांबल्यावर सोनोग्राफीत दाखवलं तेव्हा ब्लॅडर निम्म्याहून जास्त भरलेलंच होतं. तो लघवी करत नव्हता. त्याचं ब्लॅडर भरून वाहत होतं.

हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी यावरच उभी आहे. ब्लॅडर म्हणजे मूत्राशय, एक स्नायूंची पिशवी. तिच्या तोंडाशी आवळून धरणारा स्नायू. पिशवी भरली की मेंदूला खबर जाते, मेंदू 'सोड' म्हणतो, पिशवी आवळते आणि त्याच वेळी तोंड सैल होतं. कण्याची वायर तुटली की खबरही जात नाही आणि हुकूमही येत नाही. पिशवी ताणत जाते, आणि आतला दाब तोंडाच्या पकडीपेक्षा वाढला की वरचं वर थोडं सांडतं. माठ काठोकाठ भरल्यावर खाली ओल दिसते, म्हणून माठ रिकामा झाला असं कोणी म्हणत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण सगळे तेच म्हणतो.

१. आधी पोटाला हात लावा

फुकट, आणि अर्ध्या मिनिटाचं काम. डायपर ओला दिसला की तो बदलण्याआधी पोट चाचपा. मागच्या मांड्यांच्या लगेच पुढे, पोटाच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंनी तळवे ठेवा आणि हळू जवळ आणा. पाणी भरलेल्या फुग्यासारखं गोल, बोटांतून निसटणारं काही लागतंय का?

लागलं, म्हणजे ओला असूनही कुत्रा भरलेला आहे. गळती वरच्यावर सांडण्याची आहे. तुम्हाला जास्त वेळा किंवा जास्त नीट रिकामं करायचंय, तेव्हा २ आणि ५ क्रमांकाकडे लक्ष द्या.

काहीच लागलं नाही, पोट मऊ, तरीही ओला? मग पाणी जास्त होतंय, किंवा तोंड सैल आहे, किंवा जंतुसंसर्ग आहे. ३, ७ आणि ८ बघा. मात्र लठ्ठ किंवा पोट आवळून धरणाऱ्या कुत्र्यात 'काहीच लागलं नाही' यावर पहिले काही दिवस भरवसा ठेवू नका. सवय नसलेल्या हाताला भरलेलं ब्लॅडरही सापडत नाही.

२. घड्याळ

नवीन घरात पहिलं काय बिघडतं, तर वेळा. माझ्याकडे सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि झोपायच्या आधी अशा लघवी दाबून काढायच्या चार खेपा असतात. नव्या घरी नोकरीच्या वेळा सांभाळताना चारच्या दोन होतात, आणि कोणाला ते जाणवतही नाही.

थोडा हिशेब करा. कुत्र्याच्या शरीरात साधारणपणे दर किलोमागे तासाला १ ते २ मिली लघवी तयार होते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याची दिवसाला २४० ते ४८० मिली. बारा तास कोणी दाबलंच नाही तर त्याच्या पोटात १२० ते २४० मिली साठणार, आणि त्यातलं जे मावणार नाही ते तुमच्या गादीवर येणार.

दर सहा तासांनी एकदा, फार तर आठ. यापेक्षा जास्त अंतर मी कोणालाच सांगत नाही. नुसत्या ओल्या गादीचाच प्रश्न नसतो. पिशवी पुन्हा पुन्हा प्रमाणाबाहेर ताणली गेली की तिच्या स्नायूची आवळायची ताकद जाते, आणि साठून राहिलेली लघवी जंतूंना आयतं घर देते. दोन दिवस काटेकोर चार खेपा करून बघा. मला येणाऱ्या फोनपैकी बरेच इथेच संपतात.

घरात कोणीच दुपारी नसेल तर? तर तसं दत्तक घेण्याआधीच बोलायला हवं होतं, आणि ते विचारायची जबाबदारी फॉस्टर करणाऱ्याची, म्हणजे माझी. आता मी हा प्रश्न पहिला विचारते.

३. पाण्याचं भांडं आणि गोळ्यांची पिशवी

सुरू असलेल्या गोळ्यांची नावं वाचा. प्रेडनिसोलोन किंवा दुसरं कुठलं स्टेरॉइड आहे का? फिटसाठी फिनोबार्बिटल? या दोन्हींनी कुत्र्याला भरपूर तहान लागते आणि तो भरपूर लघवी करतो. मग चार खेपाही पुरत नाहीत. बरेचदा कुत्रा दत्तक जातो तेव्हा नवे डॉक्टर नवी गोळी सुरू करतात, गळती त्याच आठवड्यात वाढते, आणि दोष मात्र लकव्याला जातो.

पाणी मोजायचं ते असं: सकाळी मापाच्या भांड्याने पाणी घाला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा, वजा करा. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याचं भांडं त्या दिवशी वेगळं. दिवसाला दर किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल तर ते जास्त आहे. गोळीमुळे असेल तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा वेळ बदलता येते का ते विचारा. गोळी नसेल तर मूत्रपिंड, साखर, संप्रेरकं यांपैकी काहीतरी तपासायला हवं, आणि ते घरी होत नाही.

दोन गोष्टी करू नका. गळतंय म्हणून पाणी तोडू नका. लघवी दाट होते आणि खडे, संसर्ग यांना आमंत्रण मिळतं. आणि स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका, त्याची मात्रा हळूहळूच उतरवावी लागते.

४. डायपर

डायपरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तो गादी वाचवतो आणि माहिती लपवतो. किती झाली, कधी झाली, रंग कसा होता, सगळं त्या जेलमध्ये गडप.

तरी वापरायचाच असेल तर त्याच्याकडून काम करून घ्या. कोरड्या डायपरचं वजन करा, ओल्याचं करा. फरकाचे जितके ग्रॅम, साधारण तितकेच मिली. एक दिवसभर हे लिहून ठेवलं की गळती किती आणि दाबून निघालेली किती याचं चित्र समोर येतं. गळालेली जास्त आणि दाबून निघालेली कमी असेल, तर खेपा तरी कमी पडताहेत किंवा पद्धत तरी.

बाकी थोडक्यात: शेपटीचं भोक नीट जागेवर हवं. नराला पोटपट्टी पुरते, पूर्ण डायपर लागत नाही. ओला डायपर अंगावर तासन् तास नको. दिवसातला काही वेळ डायपरशिवाय, ओल शोषणाऱ्या चादरीवर.

नराच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक बदलाच्या वेळी बघायची: लिंग बाहेर येऊन तसंच राहिलेलं नाही ना. संवेदना नसल्यामुळे तो तक्रार करत नाही, आणि ते सुकून सुजायला लागतं. ओलसर ठेवा, ओढाताण करू नका, आणि आपोआप आत जात नसेल तर त्याच दिवशी, काही तासांत डॉक्टर.

५. दाबायची पद्धत

खरी मेख इथे आहे. दत्तक देताना आपण पाच मिनिटं दाखवतो, समोरचा मान डोलावतो, आणि घरी गेल्यावर त्याचे हात घाबरतात. हा दोष त्यांचा नाही. दुसऱ्याच्या पोटातला फुगा बोटांनी शोधायचा, तोही जिवंत प्राण्याच्या! मला स्वतःला जमायला दहा-बारा दिवस लागले होते.

हात धुवा, हातमोजे घाला. लघवीतून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार माणसाला होऊ शकतात, तेव्हा हे नाटक नव्हे. कुत्र्याला धुता येईल अशा जमिनीवर किंवा शोषक पॅडवर, मागचा भाग तुमच्या गुडघ्यांच्या मधे टेकवून उभा धरा. छोटा असेल तर एका हातावर तोलून चालतं. उभं राहणं जमतच नसेल तर कुशीवरही होतं, फक्त सगळी लघवी निघायला जरा कटकट पडते.

आता दोन्ही तळवे बरगड्यांच्या मागून मांडीपर्यंत घसरवत न्या. मांडी लागली की थांबा. बोटं सपाट आणि एकमेकांना चिकटलेली. टोकं टोचायची नाहीत. हळू जवळ आणा. गोल सापडलं की दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या, दिशा शेपटीकडे. आणि मग काहीही न करता दाब धरून ठेवा.

हे 'धरून ठेवा' लोकांना जमत नाही. ते पिचकारीसारखं दाबतात, सोडतात, दाबतात, सोडतात. तोंडाशी जो स्नायू आवळलेला असतो तो अशा झटक्यांनी आणखी आवळतो. सलग, मध्यम दाब दिला की काही सेकंदांनी तो हार मानतो आणि धार सुरू होते. धार सुरू झाल्यावर दाब तेवढाच ठेवून, पिशवी लहान होत जाईल तसतसे तळवे तिच्या मागे न्यायचे.

धार थांबली की काम झालं असं समजू नका. सोडा, अर्धा मिनिट थांबा, त्याच्या कानामागे खाजवा, आणि पुन्हा शोधा. दुसऱ्या फेरीत बरेचदा चांगली पाव वाटी निघते. नव्या घरात जी राहून जाते ती हीच. तो गोल हाताला लागेनासा झाला की मग थांबायचं.

हमखास होणाऱ्या चुका:

फार पुढे दाबणं. तिथे जठर आणि आतडी असतात, कुत्रा ओकतो किंवा पोट दगडासारखं आवळतो. हात मागे घ्या.

ब्लॅडरऐवजी शी दाबणं. शीचे गोळे वरच्या बाजूला, कण्याच्या खाली, ओळीने लागतात आणि कडक असतात. ब्लॅडर खाली असतं, एकच आणि गुळगुळीत.

जेवल्याबरोबर दाबणं. आधी लघवी, मग जेवण.

जोर वाढवणं. एवढं एकच मी दरडावून सांगते. मध्यम दाबाने निघत नसेल तर जास्त दाबाने काढायची नाही. वाटेत खडा अडकला असेल तर फुगा फुटू शकतो, आणि फुटलेलं ब्लॅडर ही शस्त्रक्रियेची बाब आहे.

शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे डॉक्टरांनी किंवा फॉस्टरने आपला हात तुमच्या हातावर ठेवून दाबणं. व्हिडिओत दाब दिसत नाही, तो हातालाच कळतो.

६. शी झाली का?

मोठ्या आतड्यात कडक शी साचली की ती ब्लॅडरच्या वाटेवर दाब देते. लघवी पूर्ण निघत नाही, आणि गळती वाढते. दोन दिवस शी झालेली नसेल तर आधी तो प्रश्न सोडवा. गुदद्वाराभोवती ओल्या कापसाने हलकं चोळलं तर बऱ्याच कुत्र्यांची शी बाहेर येते. लघवी दाबतानाही येते, तेव्हा दचकू नका. माणसांची जुलाबाची औषधं मात्र द्यायची नाहीत. तीन दिवस झाले, किंवा कुत्रा जेवेनासा झाला, तर डॉक्टर.

७. लघवीचं रूप

पांढऱ्या वाटीत धरा आणि उजेडात बघा. स्वच्छ पिवळी असेल तर छान. गढूळ, दोऱ्यासारखं काही तरंगतंय, गुलाबी झाक, किंवा नाकात जाणारा उग्र वास असेल तर जंतुसंसर्गाची शंका घ्या. ज्याची लघवी साठून राहते त्याला हा त्रास इतरांपेक्षा सहज होतो. आणि धडधाकट कुत्रा जशी वळवळ करतो, कुंथतो, तसं हा काही करत नाही, कारण त्याला तिथे काही जाणवतच नाही. त्याची लघवी वाचणं हे आपलंच काम.

दाबून काढलेली मधल्या धारेची लघवी स्वच्छ कोरड्या डबीत घ्या आणि लवकरात लवकर तपासायला द्या. लगेच जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. त्यातून पहिली कल्पना येते. कल्चर (कुठले जंतू आहेत आणि त्यांना कुठलं औषध लागू पडेल याची तपासणी) करायचं असेल तर डॉक्टर बहुधा सुईने थेट ब्लॅडरमधून नमुना घेतात, कारण बाहेर येताना कातडीवरचे जंतू मिसळतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण प्रत्यक्षात कुत्र्याला रक्त काढण्याइतकाच त्रास.

कल्चरचा आग्रह का? कारण इथे संसर्ग परत परत होतो, आणि दर वेळी अंदाजाने अँटिबायोटिक दिलं की शेवटी कुठलंच लागू पडेनासं होतं. मागच्या कुत्र्याच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात नाहीत. याची दुसरी बाजूही सांगते: रिपोर्टमध्ये जंतू दिसले, पण लघवी स्वच्छ, ताप नाही, कुत्रा मजेत, तर डॉक्टर अँटिबायोटिक न देण्याचा निर्णय घेऊ शकतात. तो हलगर्जीपणा नसतो.

काही जंतू लघवीचं रसायनच बदलतात आणि त्यातून खडे तयार होतात. म्हणून वारंवार संसर्ग होणाऱ्या कुत्र्याचा एकदा एक्स-रे आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

८. घट्ट की सैल

इथून पुढे डॉक्टरांचा प्रांत सुरू होतो, पण कुत्रा कुठल्या गटातला हे तुम्हाला ठाऊक असलं तर त्यांचं काम अर्धं होतं.

इजा पाठीच्या मधल्या भागात असेल तर बहुधा ब्लॅडर घट्ट असतं. दाबायला ताकद लागते, सुरुवात उशिरा होते, पिचकारी मधेच तुटते. अशा काही कुत्र्यांचं ब्लॅडर पुढे आपोआप आवळायला लागतं, म्हणून उचललं की धार. पूर्ण रिकामं मात्र होत नाही (माझा काळा आठवा).

इजा कंबरेच्या शेवटाला, शेपटीच्या मुळाकडे असेल तर ब्लॅडर सैल. हात लागला की वाहतं, भुंकला की वाहतं. शेपटी लोंबलेली, गुदद्वारही सैल. हा कुत्रा दाबायला सोपा, पण कोरडा ठेवायला कठीण. खेपा वाढवल्या की गळती कमी होते, शून्य होत नाही. हे दत्तक घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. "नंतर सुधारेल" असं सांगून दिलेला कुत्रा परत येतो.

दोन्हींची औषधं वेगळी आहेत. प्राझोसिन वाट सैल करतं, पण रक्तदाबही उतरवतं. बेथानेकॉल पिशवीला आवळायला लावतं, आणि वाट बंद असताना दिलं तर घात. फिनाइलप्रोपॅनोलामाइन वाट घट्ट करतं. नसबंदीनंतर काही माद्या झोपेत गळतात, पाय धड असले तरीही, आणि त्यांना ते दिलं जातं. एका घरी त्यांच्या जुन्या कुत्रीची हीच गोळी उरली होती, ती 'गळती थांबायची' म्हणून आमच्या घट्ट ब्लॅडरवाल्याला दिली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आधीच भरून वाहणाऱ्या माठाची तोटी आवळून टाकली. गळती थांबली खरी, आणि रात्री कुत्रा ओकायला लागला. वेळेवर नेला म्हणून वाचला. तेव्हा या तिन्ही नावांपैकी काहीही मनाने द्यायचं नाही.

कातडी, तोवर

कारण सापडेपर्यंत कातडी थांबत नाही. प्रत्येक वेळी साध्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. घासू नका. मांड्यांचे केस बारीक कापून घ्या, ओल धरून ठेवणारे तेच. लहान बाळांच्या रॅशसाठीची पुष्कळ मलमं झिंक ऑक्साइडची असतात. कुत्रा चाटतो, आणि झिंक त्याला विषारी आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं मलमच, तेही पातळ. दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर कधीच नाही.

दिवसातून एकदा कंबरेची हाडं, गुडघे, पायाच्या बोटांच्या वरची बाजू आणि शेपटीचं टोक बघा. घासून झालेल्या आणि चावून घेतलेल्या जखमा इथेच सापडतात. डायपरखालच्या ओल्या जखमेवर माशी बसली तर अळ्या व्हायला वेळ लागत नाही. अळी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर.

इथे थांबायचं

खालचं काहीही दिसलं तर क्रमांक बघत बसू नका:

- ब्लॅडर टणक लागतंय आणि मध्यम दाबाने थेंबच येतात, किंवा काहीच नाही. बारा तास लघवी निघाली नसेल तर 'सकाळी बघू' नको. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं.
- वरच्याबरोबर उलट्या, सुस्ती, जेवण बंद.
- टणक ब्लॅडर अचानक हाताला लागेनासं झालं, पण लघवी बाहेर आली नाही, आणि पोट फुगतंय.
- लघवीत रक्ताच्या गुठळ्या.
- ताप, थरथर, अंग गरम.
- लकवा पुढे सरकतोय: आता पुढचे पायही अडखळतात.
- तीन दिवस चार खेपा नीट केल्या, पाणी मोजलं, शी साफ आहे, तरी गळती तेवढीच.

शेवटच्या बाबतीत धावपळ नको, पण डॉक्टरांची वेळ मात्र घ्या. जाताना वही न्या: खेपांच्या वेळा, प्रत्येक वेळी किती मिली, पाणी किती, गोळ्या कुठल्या, ब्लॅडर घट्ट की सैल. आणि दाबून झाल्यावर सोनोग्राफीत किती उरते ते बघायला सांगा. त्या एका तपासणीत माझा काळा पकडला गेला होता. कॅथेटर (लघवी काढायची नळी) घरी घालण्याचा प्रयोग मात्र कोणी शिकवल्याशिवाय करू नका, त्यातून जंतू आत जातात.

दत्तक देताना आता मी काय करते

कुत्रा सोडायला मी एकटी जात नाही आणि लगेच निघतही नाही. दोन खेपा होईपर्यंत तिथेच थांबते: पहिली मी दाबते आणि त्यांचा हात माझ्या हाताखाली असतो, दुसरी ते दाबतात आणि माझा हात वर असतो. दुसऱ्या फेरीची लघवी वाटीत धरून दाखवते, म्हणजे 'झालं की' म्हटल्यानंतरही किती उरते ते डोळ्यांना दिसतं. घरातल्या निदान दोन माणसांना शिकवते, कारण एक आजारी पडणारच.

वहीची पहिली पानं माझ्या अक्षरात भरलेली देते, पुढची कोरी. पहिले सात दिवस रोज रात्री त्यांनी मला चार आकडे पाठवायचे, चार खेपांचे मिली. "ठीक आहे", "छान चाललंय" असे निरोप मी मोजत नाही. काळ्याच्या दुसऱ्या घरून तिसऱ्या दिवशी ४०, ३५, ३० आणि २५ असे आकडे आले. दहा-बारा किलोच्या कुत्र्याचे, दिवसभराचे अवघे १३०. मी तेवढ्यावरच फोन केला, आणि त्यांनी रात्री अकराला, स्पीकरवर माझं ऐकत, अर्धा मिनिट थांबून दुसरी फेरी केली. वाटी भरून आणखी ९० निघाले.

काळा अजून त्यांच्याकडेच आहे. वही तिसरी चालू आहे.